बायकोच्या वाकळेवर बारा दिवस

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी ढकलली म्हणून. तरी सोलापुरात मलेरिया खात्यात फवारणीला होतो तेव्हा, पंचाहत्तर सालाच्या आसपास, मी एक वैद्यकीय प्रयोग केला. तो फसला, हे आधीच सांगतो.

बायकोला थंडीताप आला होता. दिवसाआड हुडहुडी भरायची. मी गावभर भिंतींवर औषध मारत फिरायचो, आणि माझ्याच घरात आई दुसऱ्या दिवशी त्यावर शेणाचा हात फिरवायची. वास मारतो म्हणे. ताप अंथरुणातून पसरतो, हे तिचं ठाम मत. तिने बायकोला परसातल्या छपरात काढलं. सोबत बायकोनेच जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ. चुलीला शिवायचं नाही.

"रविवारी हिला मंगळवेढ्याच्या यष्टीत बसीव," आई म्हणाली. "म्हायेरचे बघतील."

माहेरी सावत्र आई. तिथं हिला पाणी कोण विचारणार होतं?

त्याच आठवड्यात चहा-भजी खाताना आमच्या खात्याच्या साहेबाने पीतज्वराची गोष्ट सांगितली. लांबच्या कुठल्या बेटावर डॉक्टरांनी धडधाकट माणसांना रोग्यांच्या घाण चादरींत झोपवलं. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्यांना मुद्दाम डास चावू दिले, ती माणसं तापाने फणफणली.

मी घरी येऊन आईला म्हणालो, "मी हिच्या वाकळंवर झोपतो. ताप आला न्हाय, तर ही कुटं जाणार न्हाय."

"झोप की. बायकोच्या अंथरुणात शिरायला डाक्टराचं निमित्त लागतंय व्हय रं?"

अकरा दिवस छाती काढून हिंडलो. बाराव्या दिवशी दात वाजायला लागले.

बायको म्हणाली, "अवो, त्या चादरवाल्यांना डास चावत न्हवते का?"

बोट टोचून काचेवर रक्त घ्यायला साहेब आला, तेव्हा विचारलं.

"अरे गाढवा, त्यांच्या खोलीला बारीक जाळी होती. सगळी मेख तीच."

साहेबाने हे सांगितलं, तेव्हा माझं लक्ष भज्यांत असणार. छपराच्या दारात पाण्याचा रांजण होता, अळ्यांनी वळवळणारा. लोकांना रांजण पालथे करा सांगायचा पगार मी घेत होतो.

आई जिंकली. पण आता मलाही चुलीपासून लांब ठेवणं आलं, आणि माझं बघायला बायकोशिवाय कोण? यष्टी लांबली. अकरा माणसांच्या घरात आम्हाला कधी आमचं दार नव्हतं, ते तापाने दिलं. एक दिवस ती कापायची, मी तिला दाबून धरायचो. दुसऱ्या दिवशी मी. साहेबाने दिलेल्या गोळ्या इतक्या कडू, की एकमेकांची तोंडं बघून हसायचो.

आणखी आठ दिवस एकटीने भाकऱ्या थापून आईचे हात भरून आले. नवव्या दिवशी दारात येऊन म्हणाली, "ये बाई आत. तापाचं ऱ्हाऊ दे, चुलीला लाग."

यष्टीचं नाव पुन्हा निघालं नाही.

बायको गेल्या वर्षी गेली. तापाने नाही, छातीच्या दुखण्याने. वाकळ माझ्याकडे आहे. सून म्हणते, टाकून द्या, रोगराई असते त्यात. मी म्हणतो, न्हाय, बारा दिवस झोपून बघितलंय.

तिचा वास तेवढा गेला आता. माझाच येतो.