आखाजीचा मुराळी

पाचोऱ्यातले आमचे निवृत्त इतिहास मास्तर चहा पाजून कुणालाही जुन्या अमेरिकेत नेत. तिथे गोऱ्यांच्या वस्त्यांवर आदिवासींच्या धाडी पडत, पोरी पळवल्या जात. कित्येक वर्षांनी बाप सोडवायला जाई, तर कधी पोरगीच परत यायला नाही म्हणे. "कृतघ्न कारटी!" म्हणत मास्तर कप आपटत. टपरीवाला त्यांना मुद्दाम कान तुटलेला कप देई.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मास्तर स्वतःच मुराळी होऊन लेकीला माहेरी आणायला दोंडाईच्याला गेले आणि लोणच्याची बरणी घेऊन एकटेच परतले. लेक म्हणाली होती, "आबा, माले आठेच बरं वाटस." सासरीच बरं वाटतं म्हणे.

पुढच्या चहाला पुन्हा अमेरिका. गोष्टीतली पोरगी परत यायला नाही म्हणाली, तसा मी कप सावरायला हात पुढे केला. मास्तरांनी तो अलगद बशीत ठेवला.

"सुखात असेल हो ती," म्हणाले.