शोभनाचा कोरियन वाघ

शोभना गेल्याचा फोन आला तेव्हा मी आष्ट्याच्या बाजारात होते. तिचे यजमान एवढंच म्हणाले, ‘‘सकाळी गेली...’’ हातातली मेथी तशीच ठेवून मी सांगलीची एसटी पकडली. महिना उलटला, तरी रविवारी तिला फोन लावायला हात जातोच.

कॉलेजपासूनची ही माझी मैत्रीण घरी कोरियन शिकवायची. यजमानांच्या नोकरीमुळे ती काही वर्षं खंडाळ्याला राहिली, तिथं शेजारी नोकरीसाठी आलेलं कोरियन कुटुंब होतं. त्यातली आई लेकीला गोष्टी सांगायची, त्या ऐकत शोभना भाषा शिकली. म्हणून क्लासच्या पोरांना शिकवतानाही व्याकरणाआधी लोककथा! आपल्याकडे ‘आटपाट नगर होतं’, तसं तिकडे ‘वाघ तंबाखू ओढायचे तेव्हाची गोष्ट’. एका मुलानं विचारलं, ‘‘आवं मॅडम, वढायचा का मळायचा?’’ वर्ग हसला, पण ते वाक्य कुणी विसरलं नाही.

मेढ्याहून सांगलीत शिकायला येऊन राहिलेली रेश्मा मात्र वर्गात तोंड उघडत नसे. फौजेतून निवृत्त झालेल्या तिच्या वडिलांनी तिचा क्लास बंद करायचं ठरवलं, तशी शोभना मला घेऊन थेट मेढ्याला पोचली.

‘‘आवं बाई, असली भाषा शिकून काय हुणार हाय?’’ ते म्हणाले.

‘‘दादा, आधी गोष्ट तर ऐका.’’

आईनं ‘वाघ आला’ म्हटलं तरी बाळ रडतच राहतं, पण ‘हे घे सुकवलेलं फळ’ म्हणताच गप्प होतं. दाराबाहेरच्या वाघाला वाटतं, हे फळ म्हणजे आपल्याहून भयंकर जनावर, आणि तो पळत सुटतो... वडील पोट धरून हसले. ‘‘आता हीच गोष्ट तुमची लेक कोरियनमधून सांगेल,’’ शोभना म्हणाली. रेश्मा अडखळली, थांबली, पण गोष्ट पुरी केली. वडील म्हणाले, ‘‘एक शब्द कळला न्हाई, पण वाघ कवा पळाला ते बराबर कळलं. जाऊ दे तिला.’’

पुढं आजारपणात शोभनानं पलंगच क्लासच्या खोलीत हलवला. मी ‘आता पुरे’ म्हटलं, तर मला म्हणाली, ‘‘कोरियनमध्येही मराठीसारखं क्रियापद शेवटी येतं गं. मधेच थांबून कसं चालेल?’’

ती गेल्यावर यजमान क्लास बंद करणार होते. रेश्मानं फोनवर सांगितलं, ‘‘काका, दार उघडं ठेवा. आमी येतोय.’’ गेल्या रविवारी सगळी पोरं आली, मीही गेले. शिकवायला रेश्मा उभी राहिली. इतकी वर्षं क्लासच्या वेळी बाहेर फिरायला जाणारे यजमान हळूच येऊन शेवटच्या रांगेत मांडी घालून बसले.

‘‘काका, तुमी?’’

‘‘तिचं ऐकायचं राहून गेलं... तू सांग.’’

रेश्मानं डोळे पुसले आणि नवी गोष्ट सुरू केली.