घरच्या माणसाचं नाव

कोल्हापुरात आमच्या दाजींना ओळखत नाही असा माणूस एक तर आज सकाळीच एसटीतून उतरलेला असतो, नाहीतर तो खोटं बोलत असतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मार्केट यार्डात तीन पिढ्यांची गुळाची अडत, गावाकडं ऊस, दारात मोटार. पण मोटारीत ताई बसते. दाजी जुन्या स्कूटरवरच फिरतात, कारण मोटारीतून माणसं नीट दिसत नाहीत आणि दिसली तरी थांबता येत नाही. दाजींबरोबर महाद्वार रोडवरून जायचं असेल तर मी घरच्यांना दुपारचं जेवण झाकून ठेवायला सांगून निघते.

गाव कुठलं, आईचं माहेर कुठलं आणि बहीण कुठं दिली, या तीन प्रश्नांत दाजी कुणाशीही नातं काढतात. एकदा नो एंट्रीत घुसलो म्हणून ट्रॅफिक पोलिसानं आम्हाला अडवलं. दाजींनी स्कूटर स्टँडला लावून विचारलं, "गाव कुठलं म्हणायचं, पावणं?" तिसऱ्या प्रश्नाला निष्पन्न झालं की पोलिसाची मावशी गडमुडशिंगीत दाजींच्या मामांच्या शेजारी राहते. पोलिसानं वाकून नमस्कार केला आणि दंडाची पावती फाडली. दुसरा कुणी असता तर चिडला असता. दाजी आठवडाभर ती पावती खिशातून काढून लोकांना दाखवत होते. "बघा, पावणा हाय, तरी सोडलं न्हाय. असा माणूस पायजे पोलिसात!"

पण दाजींचा खरा हंगाम म्हणजे शाळांचे प्रवेश. गावाबाहेर एक मोठी इंग्रजी शाळा आहे, आत पोहण्याचा तलाव वगैरे असलेली. (दाजींचं मत: "हिरीत ढकललं की पोरगं पोहतंय. त्याला फी कशाला?") तिचे एक विश्वस्त दाजींचे तालमीतले जोडीदार. दाजींनी सुचवलेल्या पाच मुलांचा ते दरवर्षी विचार करत. पाच म्हणजे पाच, सहावं नाही. त्यामुळे डिसेंबर लागला की दाजींच्या घराच्या पुढच्या सोप्यात गारगोटीचे डॉक्टर, हातकणंगल्याचे वकील, गल्लीतले शिंपी असे सगळे एकाच बाकावर बसलेले दिसायचे. दाजी मुलांची नव्हे, पालकांची तयारी करून घेत. "सायेब, तितं तुमी इंग्रजी बोलू नका. पोरगं चांगलं बोलतंय, त्याचं नुस्कान करू नका." काम झालं तर कुणाकडून पेढासुद्धा घ्यायचे नाहीत. उलट आपल्याकडची एक किलोची गुळाची ढेप त्या मुलाच्या हातात द्यायचे, आणि ते मूल ढेपेसकट खाली बसायचं.

दाजींना गावं पाठ, नावं मात्र राहत नाहीत. एका वर्षी त्यांनी एकच जागा दोघांना कबूल केली, तेव्हा ते काम मी हातात घेतलं. मी कॉलेजच्या कार्यालयात नोकरी करते. किराण्यापासून आहेरापर्यंत माझ्या घरात सगळ्याची यादी असते. वही घातली, रकाने आखले, नियम ठरवला: जो आधी विचारेल त्याचं नाव आधी. दाजींना तो फार आवडला. "बाईसाहेब, हे बेस झालं. आता मला कुणाचं तोंड बघायला नको."

तीन वर्षांपूर्वी दाजींची नात, ओवी, शाळेच्या वयाची झाली. तिला त्याच शाळेत घालायचं हे घरात इतकं पक्कं होतं की सूनबाईंनी गणवेशाच्या रंगाचे बूटही आणले होते. नावं कळवायच्या शेवटच्या संध्याकाळी दाजींनी फोन लावला, मी वहीतली पाच नावं वाचली, पलीकडं विश्वस्तांनी लिहून घेतली. सूनबाई चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "आमच्या ओवीचं कितवं?"

मी वही दोनदा पाहिली. ओवीचं नाव नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. लग्नाची पत्रिका आपण गावभर वाटतो, पण घरच्या माणसाला कुणी देतं का? तसंच झालं होतं.

सकाळी विश्वस्तांचाच फोन आला. "अरं, तुझी नात यंदाच हाय की! पाचवं खोडतो, तिचं घालतो." पाचवं नाव होतं एका बिल्डरच्या मुलाचं. त्या बिल्डरनं दाजींच्या शेताचा बांध कोरला होता आणि दोघांत चार वर्षं बोलणं नव्हतं. मुलासाठी मात्र येऊन बाकावर बसला होता.

ताई म्हणाली, "त्याचं खोडाच. देवानंच पाचवं ठेवलंय त्याला."

दाजींनी फोनवर हात ठेवला. मग म्हणाले, "बिल्डर त्यो हाय. पोरगं न्हाय की अजून. तीन वर्साचं हाय." आणि फोनमध्ये, "ऱ्हाऊ दे. शब्द दिलाय."

सूनबाईंनी पंधरा दिवस सासऱ्यांपुढं चहा ठेवला, पण "चहा ठेवलाय" म्हटलं नाही. ओवी गल्लीच्या टोकाच्या मराठी शाळेत गेली. पहिल्या दिवशी दाजींनी तिला स्कूटरवर पुढं उभं करून नेलं, आणि गेटाशी भेटलेल्या प्रत्येक पालकाला गाव विचारलं. ती आता पाढे घडाघडा म्हणते आणि नव्या मुलांना विचारते, "आईचं माहेर कुठलं?" मी आयुष्यात पुष्कळ याद्या केल्या. चुकलेली ती एकच, आणि कुणी विचारलं की मी तीच अभिमानानं दाखवते.

आता त्या शाळेचे अर्ज मोबाईलवर भरतात आणि नावं सोडतीनं निघतात. विश्वस्तही निवृत्त झाले. हे चांगलंच झालं, असं दाजी स्वतः म्हणतात. पण डिसेंबरात त्यांचा सोपा रिकामा असतो, आणि बाक कुणीतरी भिंतीला सरकवून ठेवलाय.

ओवीचा धाकटा भाऊ यंदा तीन वर्षांचा झाला. त्याचा अर्ज सूनबाईंनी पहिल्याच दिवशी भरला, हे मला माहीत होतं, दाजींनाही माहीत होतं. तरी गेल्या रविवारी ते माझ्याकडं आले. नेहमीसारखे कोचावर पसरले नाहीत. खुर्चीच्या कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून बसले, त्यांच्याकडं लोक बसायचे तसे.

"बाईसाहेब, वही हाय का अजून?"

"आहे की."

"मग एक नाव लिव्हा. मी मागाय आलोय."

मी वही काढली, कोऱ्या पानावर रकाने आखले आणि एक नंबरला नातवाचं नाव लिहिलं. 'कुणी विचारलं' या रकान्यात लिहिलं: आजोबा.

"लिव्हलं?"

"लिहिलं."

दाजींनी पिशवीतून गुळाची ढेप काढून माझ्या टेबलावर ठेवली.