लेलंडच्या वाट्याचं रिव्हॉल्व्हर

नेवा नायगार्ड शाळेची बस चालवते. दक्षिण डकोटाच्या पार पश्चिमेला, जिथे एका घराच्या दारातून दुसऱ्या घराचा दिवा दिसत नाही, तिथे सकाळी मुलं गोळा करून आणायची आणि दुपारी परत पोचवायची, हे काम तिने लग्नानंतर धरलं ते अजून सोडलेलं नाही. बोलणं कमी. बसच्या मोठ्या आरशात मात्र तिची नजर सारखी फिरत असते. कोण हातमोजे न घालता आलंय, कोण आज नेहमीची जागा सोडून मागे एकटं बसलंय, कोणाच्या घरी काल भांडण झालंय, हे तिला न सांगता कळतं. सीटखाली जास्तीच्या हातमोज्यांची पिशवी असते. दिलेले हातमोजे परत येत नाहीत आणि तीही ते मागत नाही.

विचारायची मात्र तिला सवय नाही. तिकडे ती कोणालाच नसते. कोणाची गाय अडली, कुंपण आडवं झालं, तर शेजारी न बोलावता येऊन उभा राहतो. पण तुझ्या मनात काय चाललंय, हे कोणाला तोंडावर विचारणं म्हणजे दार न वाजवता त्याच्या घरात शिरणं.

म्हणूनच एकुलता एक मुलगा, लेलंड, ऐन ऑक्टोबरात कॉलेज अर्ध्यावर टाकून सामानासकट दारात उभा राहिला, तेव्हा तिने विचारलं ते एवढंच, "जेवलास का?"

"वाटेत खाल्लं, आई."

त्यानंतर तो खोलीत गेला आणि दुपार दुपारपर्यंत झोपू लागला. हरणांच्या शिकारीचे दिवस आले आणि गेले. बाराव्या वर्षापासून एकही मोसम न चुकवलेला मुलगा उंबऱ्याबाहेर पडला नाही. मग एके दिवशी त्याने आपलं खोगीर, दोन उन्हाळे गवत कापून घेतलेलं, शेजारच्या मुलीला देऊन टाकलं.

"चांगलं खोगीर होतं ते," नेवा म्हणाली.

"मला आता कशाला लागतंय."

त्याने ते अगदी साध्या आवाजात म्हटलं आणि कॉफीचा कप धुऊन पालथा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवऱ्याच्या बंदुकांच्या कपाटाची किल्ली खिळ्यावरून काढली आणि बसमधल्या प्रथमोपचाराच्या डब्यात बँडेजच्या गुंडाळीखाली ठेवली. तेव्हापासून घरी एक कपाट आणि बसमध्ये त्याची किल्ली.

नवरा, कर्ट, गुरांचा ट्रक घेऊन आठवडे आठवडे बाहेर असतो. फोनवर तो म्हणाला, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस. त्या वयात मीपण असाच होतो."

"तू असा नव्हतास. तुझं तोंड कधी बंदच नसायचं."

कर्ट हसला. नेवाला हसू आलं नाही.

अशात सासऱ्यांचा फोन आला. आर्विड नायगार्ड, वय ऐंशीच्या घरात, राहणं हद्दीपलीकडे वायोमिंगमध्ये, कान अर्धे गेलेले, पण आवाज शाबूत. त्यांच्या घरातली रीत अशी, की मूल एकवीस वर्षांचं झालं की वडीलधाऱ्याने आपल्याकडचं एक पिस्तूल त्याला द्यायचं. कर्टला मिळालं, त्याच्या बहिणीला मिळालं, पलीकडच्या तिन्ही नातवंडांना मिळालं. जेवण झालं की ताटं उचलायच्या आत बशीशेजारी पेटी ठेवायची. भाषण नाही, काही नाही. पुढच्या शनिवारी लेलंड एकवीसचा होत होता.

"माझं जुनं अडतीस बोअरचं रिव्हॉल्व्हर काढून ठेवलंय," आर्विड म्हणाले. "साफ केलंय, तेल दिलंय. शनिवारी जेवायला येतो. बटाटे जरा जास्त लाव."

नेवाने फोन घट्ट धरला. नको म्हणावं, तर का म्हणून सांगायचं? पोराच्या मनात काय आहे हे तिला तरी कुठे माहीत होतं? एका खोगिरावरून आणि दुपारच्या झोपेवरून नातवाला वेडा ठरवलंस, असं म्हातारा म्हणाला तर? आणि तेच लेलंडच्या कानावर गेलं तर?

"बाबा, असं हातात नाही देता येणार," ती म्हणाली. "तुम्ही त्या राज्यातले, तो ह्या राज्यातला. हद्द ओलांडून पिस्तूल द्यायचं तर इथल्या परवानेवाल्या दुकानातून जावं लागतं. दुकानदार आधी चौकशी करतो, मग देतो. नातं कुठलंही असो."

"माझ्या नातवाला माझी वस्तू द्यायला मी दुकानदाराला विचारू?"

"पलीकडच्या पोरांना दिलीत ती तुमच्याच राज्यातली होती. हा नाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"मिल्टने. वाढदिवस जवळ आला तशी मी विचारून आले."

"मिल्ट हाऊक," आर्विड म्हणाले. "त्याच्या दुकानात बंदुकांपेक्षा गांडुळंच जास्त खपतात. बरं. कायद्याने असेल तर कायद्याने. येतो तिथेच."

फोन ठेवल्यावर नेवाला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. तिने कायदा आडवा घातला होता तो कायद्यासाठी नव्हे. चौकशीत काहीतरी निघेल, कोणीतरी परकं माणूस 'थांबा' म्हणेल आणि आपल्या तोंडून काही काढावं लागणार नाही, एवढीच तिची आशा होती.

शनिवारी सकाळी तिघं मिल्टच्या दुकानात उभी होती. पुढे गुरांच्या खाद्याची पोती, बाजूला मासे धरायच्या आमिषाची टाकी, मागे काउंटर आणि त्याच्या पाठीमागे माणसाच्या उंचीची लोखंडी तिजोरी. आर्विडनी पेटी आधीच मिल्टच्या ताब्यात दिली होती. नातवाच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "बारीक झालास रे. कॉलेजात जेवायला घालत नाहीत वाटतं."

"घालतात, आजोबा."

"मग खात नसशील. सुट्टी कधी संपते?"

लेलंडने आईकडे पाहिलं. तिने आजोबांना काही सांगितलेलं नाही, हे त्याला तेव्हा कळलं. "बघू," तो म्हणाला.

मिल्टने त्याच्यापुढे फॉर्म ठेवला. लेलंडने तो खाली मान घालून भरला. नेवा टाकीतल्या माशांकडे बघत असल्यासारखी उभी राहिली, पण तिचं लक्ष पेनावर होतं. कुठे अडखळतो का, कुठे थांबतो का? तो कुठेच थांबला नाही. थांबण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तुला कोर्टाने कधी मनोरुग्ण ठरवलंय का, सक्तीने दाखल केलंय का, असलं त्यात विचारलेलं असतं. तू खोगीर का दिलंस, हे कोणी विचारत नाही.

मिल्ट फोन घेऊन मागे गेला. नेवाने मनात म्हटलं, थांबा म्हणू दे. दोन दिवस थांबा म्हणू दे, नावात घोळ होऊ दे, लाइन बंद पडू दे.

"झालं," मिल्ट परत येत म्हणाला. "काही अडचण नाही. अभिनंदन, पोरा."

एवढ्यात झालं. बसचा दरवाजा उघडून मिटायला लागतो तेवढ्या वेळात.

मिल्टने पेटी उघडली. रिव्हॉल्व्हर काढलं, नळी भिंतीकडे धरली, गोळ्यांचं चक्र बाहेर पाडलं, सहाही घरं रिकामी असल्याचं बघितलं आणि तसंच उघडं आर्विडच्या हातात दिलं. आर्विडनी ते खिडकीकडे वळवून पुन्हा बघितलं, प्रत्येक घरावरून अंगठा फिरवला आणि उघडंच लेलंडपुढे धरलं.

तिकडच्या घरांत मूल शाळेत जायच्या आधी एक गोष्ट शिकतं. हातात आलेली बंदूक रिकामी आहे की नाही, ते आपण स्वतः बघायचं. देणाऱ्याने तुमच्या डोळ्यांदेखत बघितली असली तरीही. बापाने दिली तरी बघायची, पाद्र्याने दिली तरी बघायची. त्यात कोणाचा अपमान होत नाही. उलट न बघणाऱ्याच्या हातातून ती काढून घेतात. लेलंडला हे आर्विडनीच शिकवलं होतं, लाकडी खेळण्यातल्या बंदुकीवर.

लेलंडने रिव्हॉल्व्हर घेतलं आणि न बघता चक्र बंद केलं.

खट्ट असा आवाज झाला. मिल्टचा हात काउंटरवर होता तिथेच थांबला.

"लेलंड," आर्विड म्हणाले. "बघितलं नाहीस."

"तुम्ही बघितलंत ना."

"मी बघितलं ते माझ्यापुरतं."

"रिकामंच आहे, आजोबा. काय फरक पडतो?"

आर्विडनी हात पुढे केला. रागाने नाही, घाईनेही नाही. लेलंडने रिव्हॉल्व्हर परत दिलं. म्हाताऱ्याने चक्र उघडलं, काउंटरवर ठेवलं आणि सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता: तुला हे आधीपासून माहीत होतं ना?

आता नाही विचारलं तर पुन्हा कधी विचारणं होणार नाही, हे नेवाला कळत होतं. घरी जाऊ, जेवू, बशीशेजारी पेटी येईल आणि सगळे खिडकीबाहेर बघत हवापाण्याचं बोलतील.

"लेलंड," ती म्हणाली, "मी माझ्यापुरतं बघून घेतेय. राग मानायचा नाही. जीव द्यायचं येतं का तुझ्या मनात?"

मिल्टने नजर खाली घातली. टाकीतला पंप बुडबुड करत होता.

"आत्ता नाही," लेलंड म्हणाला.

"कधी येतं?"

"येतं आणि जातं. तिकडे फार यायचं. म्हणून घरी आलो." त्याने हात जॅकेटच्या खिशात घातले. "इथे आल्यावर कमी होईल वाटलं. आणि तू रोज विचारायचीस, जेवलास का. मी जेवत होतो, आई."

नेवाला रडू आलं, ते तिने परत गिळलं. "आणि किल्ली?" तिने विचारलं. हा प्रश्न कुठून आला, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"शोधली होती मी," लेलंड म्हणाला. "एकदा. खिळ्यावर नव्हती. मग कपाटासमोर खाली बसून राहिलो. तू बस लावून येईपर्यंत."

नेवाने टाकीच्या कडेला हात टेकला. कुठला दिवस तो? त्या दिवशी तिने काय शिजवलं होतं? दारात तिने काय विचारलं असेल, ते मात्र तिला ठाऊक होतं.

मग आर्विडनी रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि पेटी मिल्टकडे सरकवली.

"हे तुझ्या तिजोरीत राहू दे."

"राहील," मिल्ट म्हणाला. "आजची चौकशी महिनाभर ग्राह्य धरतात. पुढे न्यायचं झालं तर नव्याने करू. त्याचे काही पैसे नाहीत."

"न्यायचं कधी, ते तो ठरवेल. तो, त्याची आई आणि डॉक्टर." आर्विडनी नातवाकडे वळून त्याच्या जॅकेटची कॉलर उगाच सरळ केली. "तुझंच आहे. पळून जात नाही कुठे. माझा बाप गेला तेव्हा मीही माझ्या बंदुका एक हिवाळाभर शेजाऱ्याकडे ठेवल्या होत्या. घर शाकारतोय म्हणून सांगितलं होतं सगळ्यांना."

"हे कधी बोलला नाहीत," नेवा म्हणाली.

"कोणी विचारलं नाही."

लेलंडच्या तोंडून काहीतरी निघालं, हसू की हुंदका ते कळलं नाही. आर्विडनी त्याचा खांदा धरला तो सोडला नाही.

"नेवा, घरातलं ते कपाट," ते म्हणाले.

"किल्ली बसमध्ये आहे, बाबा."

"मग आधी बसकडे चल. मिल्ट, तिजोरीत जागा कर. कर्टच्या पाच आहेत."

"जागा आहे," मिल्ट म्हणाला. "तोवर लेलंड इथे थांबू दे. खाद्याचा ट्रक यायचाय, मला एकट्याला पोती उतरवायचा कंटाळा आलाय." मग नेवाकडे न बघता त्याने काउंटरवरचा फोन लेलंडपुढे ठेवला. "आणि दवाखान्याला आत्ताच लाव. शनिवारीसुद्धा कोणीतरी असतं तिथे. मी पुढे जाऊन पोती मोजतो, म्हणजे मला ऐकू येणार नाही."

लेलंडने फोन उचलला. "आई, तू बोलू नकोस," तो म्हणाला. "मी बोलतो."

दवाखान्यातल्या बाईला त्याला सगळं दोनदा सांगावं लागलं, तोवर नेवा तिथेच उभी राहिली. सोमवारी सकाळची वेळ मिळाली. तोवर रात्री-अपरात्री केव्हाही फोन कर, असं सांगून त्या बाईने एक नंबर दिला आणि लेलंडने तो हाताच्या पंजावर लिहून घेतला. मगच नेवा बाहेर पडली.

घरी आर्विडनी कपाट उघडलं. एकेक बंदूक काढायची, उघडायची, आत बघायचं आणि नेवाच्या हातात द्यायची. लग्नापासून हे काम नेवाने घरातल्या पुरुषांवर सोडलेलं होतं. पहिली रायफल हातात आली तेव्हा ती तशीच गुंडाळायला निघाली.

"बघ," आर्विड म्हणाले.

"तुम्ही आत्ताच बघितलंत, बाबा."

म्हाताऱ्याने पुढची बंदूक काढली नाही, नुसता थांबला. नेवाने रायफल खिडकीकडे वळवली, वाकून आत बघितलं, करंगळी घालून चाचपलं. रिकामी होती. तिने ती गोधडीत गुंडाळली आणि पुढचीसाठी हात पुढे केला.

पाचही तशाच बघून झाल्या. गाडीत ठेवल्यावर आर्विड पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "माझी गुरं आठवडाभर शेजारी बघेल. मी इथेच राहतो. सोफ्यावर झोपीन."

"सोफा आखूड आहे, बाबा."

"मग बटाटे जरा जास्त लाव," आर्विड म्हणाले, आणि नेवाने गाडी मिल्टच्या दुकानाकडे वळवली. लेलंड दारात उभा होता, खांद्यावर पोतं घेऊन. तिने गाडी पुरती थांबायच्या आत काच खाली केली आणि त्याला पुन्हा विचारलं. जेवलास का, असं नाही. दुसरं.

"आत्ता बरं आहे," तो म्हणाला. "पुन्हा विचार."