मावशी ‘चालंल’ म्हणाली

सुक्या बोंबलांचा वास आला की मला बोईसरच्या हॉस्पिटलमधली ती दुपार आठवते. पोटाचं ऑपरेशन झालेल्या मावशीजवळ मी बसले होते. मावशी मनोरच्या बाजारात सुके बोंबील विकते. समोरच्याचं म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य करणं तिला ठाऊकच नाही. सकाळीच तिने नर्सला सुनावलं होतं, "ही पेज हाय का भांडी धुतलेलं पानी?"

दुपारी तीच पेज आली आणि मावशी हळूच म्हणाली, "चालंल."

ताप नव्हता, टाके ठीक होते. तरी ते ‘चालंल’ मला खटकलं. पण सांगायचं काय? पेशंट भांडत नाही म्हणून? शेवटी लाजत नर्सना तेवढंच सांगितलं. वाटलं, हसतील.

"भांडल्या नाहीत?" नर्स लगेच उठल्या. त्यांनी मावशीचे श्वास मोजले, बीपी घेतलं आणि डॉक्टरांना बोलावलं. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला होता. वेळेत कळलं, मावशी वाचली.

तेव्हा मला तो योगायोग वाटला होता. आता मात्र कुतूहल वाटतं, की तेव्हा तिच्या आत काय बदललं असेल? परवा मी मावशीलाच विचारलं.

"भांडायला पन जीव लागतो गो," ती म्हणाली, "तेवडा नव्हता."