पेन्सिलीने काढलेला काठ

वडगावातल्या आमच्या घरात दोन यंत्रमाग. त्यातल्या एकावरच्या जुन्या काठाच्या साड्या व्यापारी घेईना, म्हणून तो नुसता उभा होता आणि आप्पांनी, माझ्या वडिलांनी, तो भंगारात द्यायचं ठरवलं होतं. त्याच मागावर माझी कॉलेजची फी निघाली होती. तो तुकडे होऊन जाणार म्हटलं की मला रडू यायचं, आणि रडू आलं की राग.

नवा काठ निघाला तर माग वाचेल, म्हणून मी त्याची नक्षी कॉम्प्युटरवर काढायला घेतली. पण कॉम्प्युटर क्लासवाल्याने घालून दिलेलं चोरीचं सॉफ्टवेअर नेमकं तेव्हाच बंद पडलं. विकत घेणं परवडणारं नव्हतं. मी चिडून सगळं पुसलं, लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम घातली आणि गिम्प नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कोयरी काढायला बसले.

"फुकटच्या जिवावर माग चालतोय व्हय गं?" आप्पा म्हणाले.

मी पडद्यावरची कोयरी काढत राहिले. तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं.

नक्षीतला एक चौकोन म्हणजे एक धागा. काळा असला की धागा वर, पांढरा असला की खाली. त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि त्या भोकांवरून माग धागे उचलतो. ही भोकं पाडणाऱ्या शहापुरातल्या कारागिराने माझी फाइल परत पाठवली.

"आक्का, कडंला समदं करडं दिसतंय. तिथं भोक पाडू का नको?"

मी ब्रश वापरला होता. पडद्यावर कडा काय सुरेख मऊ दिसत होत्या! धाग्याला त्या मऊपणाशी काय देणंघेणं? त्याच सॉफ्टवेअरमध्ये पेन्सिलही होती, काळं नाहीतर पांढरं एवढंच काढणारी. दातओठ खात अख्खा काठ पुन्हा काढला.

नवे पुठ्ठे मागावर चढले त्याच दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो दारात आला. आप्पांनीच बोलावला होता. "थांब जरा," एवढंच त्याला सांगून त्यांनी माग सुरू केला.

आमच्याकडे साडी पालथी विणतात, सुलटी बाजू खाली. वरून बघून काही कळेना. मधेच माग थांबला. संपलं सगळं, असं वाटलं. पण नुसता एक धागा तुटला होता. आप्पांनी गाठ मारली आणि पुन्हा खटखट सुरू झाली.

वीतभर काठ विणून झाल्यावर त्यांनी माग बंद केला, वाकून साडीखाली आरसा धरला आणि बघत राहिले. मला विचारायचा धीर होईना. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

आप्पांनी आरशातली नजर काढली नाही. तसेच वाकून ओरडले, "जा रं तू! माग कामात हाय."