पाच विषयांची पेरणी

बारावीला असताना मी गावभर सांगून ठेवलं होतं की मी दिल्लीला, नाहीतर हैदराबादला शिकायला जाणार. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं होतं. डोंगरकड्याच्या स्टँडवर वर्गातल्या पोरी नांदेडच्या नीट क्लासचं बोलायच्या आणि मी मध्येच तोंड घालायचे, “माझं सीयूईटी आहे.” त्या विचारायच्या, ते काय असतं? मला तेच हवं असायचं. केंद्राच्या विद्यापीठांची ती प्रवेश परीक्षा. पाच विषय निवडायचे आणि गुणांवर जिथं नंबर लागेल तिथं जायचं. एवढं सांगायला मी एस्टी येईपर्यंतचा अख्खा वेळ खायचे.

घरी मायची एकच अट होती. “सांजच्याला वापस येता येईल तिथंच जाय. त्याच्या पल्याड न्हाई.” म्हणजे नांदेड, हिंगोली, फार तर परभणी. मी फणकारायचे, “बघू नंबर लागल्यावर!”

मी सायन्सची. दहावीला बरे गुण पडले की आमच्याकडे सायन्सच घेतात, पोरीला विचारायची पद्धत नाही. गणित झेपणार नाही म्हणून त्याच्या जागी भूगोल घेतला आणि त्याच भूगोलानं मला येडं केलं. मी नकाशे उघडून बसले की जेवणाची हाक ऐकू यायची नाही. पुढं तेच शिकायचं, हे मनात पक्कं होतं. मनातच.

विषय ठरवायचं काम बाबांनी अंगावर घेतलं. सोयाबीनमध्ये तुरीची ओळ, एका तुकड्यात हळद, विहिरीच्या पाण्यावर केळी, असं त्यांचं शेत. एक गेलं तर दुसरं हाताशी पाहिजे, हा हिशेब. त्याच हिशेबानं त्यांनी माझी पेरणी केली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे मुख्य पीक. इंग्रजी लागतंच. आणि आंतरपीक म्हणून कृषी. मी सांगितलं की बारावीत नसलेला विषयसुद्धा घेता येतो, तर बाबा चाटच पडले. “म्हंजी पेरलं न्हाई तरी कापाया जायचं? लई ब्येस परीक्षा हाय ही!”

आणि एवढी तोंडाळ मी, काय म्हणाले असेन? म्हणाले, “बराबर आहे बाबा.” वर आणखी टेकू दिला: भूगोलाला गर्दी, कृषी कोण घेतंय? सगळ्यांनी हळद लावली की भाव पडतो, हे ऐकत मी मोठी झाले. तेच अगाध ज्ञान परीक्षेला लावलं. बाबांनी मान डोलावली. अशा हुशार पोरीचा बाप असल्याचा त्यांना अभिमान वाटला असावा, बिचाऱ्यांना.

कृषीचा अभ्यास बाबाच घेणार होते. मी मोबाइलवरून सरावाचे प्रश्न वाचायचे, ते उत्तर द्यायचे आणि बहुतेक वेळा ते चुकायचं. गाईच्या पोटाला कप्पे किती? बाबा म्हणाले, एक. मी सांगितलं, चार. बाबा भडकले. “जल्म गेला माझा गुरांमागं, मला कदी दिसले न्हाई!” मी हसून हसून आडवी झाले. दुसऱ्या दिवशी चहा झाल्याबरोबर बाबा पुन्हा हजर. “हां, इचार.”

फॉर्म भरायला आम्ही मोटरसायकलवर वारंगा फाट्याला गेलो. नेट कॅफेवाल्यानं पाच विषय वाचून दाखवले. बाबा माझ्याकडे वळले.

“आन् भूगोल?”

“कशाला? काय उपयोग त्याचा?”

“काहून वं? जेवण सोडून तेच वाचून राहिली ना तू?”

मी गर्दीचं सांगितलं, भावाचं सांगितलं, मायच्या अटीचंही सांगितलं. बाबा ऐकत होते. शेवटी माझ्याच तोंडून निसटलं, “भूगोलात नंबर लागला तर खरंच जावं लागेल ना, बाबा.”

झालं! गावभर ढोल बडवणारी ती मीच. माझ्या सगळ्या नियोजनाची मला तिथंच लाज वाटली. मायच्या अटीमागं मी आरामात लपले होते, आणि अटीबद्दल तिच्यावरच डाफरत होते. मला पास व्हायची भीती वाटत होती.

 बाबा म्हणाले, “म्या बी कृषी उगंच न्हाई घातलं. म्हनलं, परभणीच्या कृषी विद्यापीठात ऱ्हाईल, हप्त्याच्या हप्त्याला घरी येईल. माझ्याच सोयीनं बघून राहिलो व्हतो.” आणि कॅफेवाल्याला म्हणाले, “भाऊ, ते कृषी काढ. भूगोल टाक.”

“अहो बाबा, पण तुमी एवढा अभ्यास...”

“टाक म्हनलं ना!”

परत येताना मी मागून त्यांचा शर्ट घट्ट धरला होता. गावाजवळ आल्यावर त्यांनी गाडी हळू केली.

“तुझ्या मायला मी सांगतो. तू मदी बोलू नको.”

“ती रडेल, बाबा.”

“रडंल. मी बी रडीन,” बाबा म्हणाले. “तू जाय.”